पाटीवर न मावलेला शब्द

२ सप्टेंबर, सोमवार

आज माझी बढती झाली. पगार तोच, खुर्ची तीच, खोली मात्र नवी. नवी म्हणजे आजवर झाडू, बादल्या आणि फिनेलचे डबे जिथे राहत होते ती. मोठे साहेब म्हणाले, "जबाबदारी वाढली की माणसाला एकांत लागतो." एकांतात फिनेलचा वास जास्त चांगला येतो, हे त्यांनी सांगितलं नाही.

झालंय असं. दुकानात कार्ड लावून पिन दाबायची जी तळहाताएवढी मशीनं असतात, ती आमची कंपनी पुरवते आणि बिघडली की दुरुस्त करते. गेल्या महिन्यात काही मशीनं दुरुस्तीला परत आली, तेव्हा त्यांच्या पोटात कोणीतरी नखाएवढी चिप बसवलेली सापडली. गिऱ्हाइकाने पिन दाबायची आणि चिपने ती ऐकून ठेवायची, असा धंदा. ज्या बँकेला आम्ही मशीनं देतो तिने कळवलं, की महिनाअखेरीला आमची माणसं तपासणीला येतील. मशीनला कोणी हात लावला हे तुम्हाला कसं कळतं, ते दाखवा.

आम्हाला ते बँकेने कळवल्यावर कळतं. हे उत्तर खरं होतं, पण साहेबांना दाखवण्यासारखं वाटलं नाही. म्हणून मग 'यंत्र-छेडछाड प्रतिबंध अधिकारी' असं एक पद निघालं आणि त्यावर मला बसवलं. बँक रागावली तर रागवायला एक माणूस हाताशी हवा, हा त्यामागचा विचार असावा.

बायको म्हणाली, "रोज संध्याकाळी मला स्क्रूंच्या गोष्टी ऐकवण्यापेक्षा लिहून काढत जा." तिचं पार्लर आहे, दिवसभर बायकांच्या गोष्टी ऐकून तिचे कान भरलेले असतात. म्हणून ही डायरी.

५ सप्टेंबर, गुरुवार

दारावरची पाटी आली. मी सांगितलं होतं 'यंत्र-छेडछाड प्रतिबंध कक्ष'. आली ती 'छेडछाड प्रतिबंध कक्ष'. पाटीवाल्याला फोन केला.

"साहेब, तुमचं दार अरुंद. 'यंत्र' मावत नव्हतं. अक्षरं बारीक केली असती तर लांबून दिसली नसती."

"आता तर तो शब्दच दिसत नाही."

"पण बाकीचं कसं ठळक दिसतंय!"

या तर्कापुढे मी हात टेकले. दिवसभर ऑफिसची करमणूक झाली. हिशेब खात्यातला एक जण येऊन गंभीर चेहऱ्याने सांगून गेला, की घरी बायको त्याला छेडते, काही करता येईल का. स्वागतकक्षात बसणाऱ्या ताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचं नाव काय ते त्यांच्या पगारपत्रकालाच माहीत, आम्ही सगळे ताईच म्हणतो. पाटीकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "राहू द्या. बरी दिसते." विनोदबुद्धी कमी असावी.

तसं माणसांच्या छेडछाडीसाठी कंपनीची वेगळी समिती आहे. दुरुस्ती विभागाचे प्रमुख तिचे अध्यक्ष आहेत. त्यांना सगळे पाठीमागे 'मखमल' म्हणतात. आवाज मऊ, शब्द मऊ, बोलता बोलता खांद्यावर येणारा हातही मऊ. त्यांच्या समितीकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही. कारभार असा हवा.

९ सप्टेंबर, सोमवार

आमचं मशीन म्हणजे दोन पोटांचा प्राणी. वरच्या पोटात बटणं, बॅटरी, कागदाची गुंडाळी. त्याची दुरुस्ती बेंचवर होते. आतल्या पोटाला आम्ही तिजोरी म्हणतो. तिच्यात मशीनची गुप्त किल्ली असते आणि भिंतीतून केसासारखी बारीक तार फिरवलेली असते. कोणी झाकण उचकटलं की तार तुटते, मशीन त्या क्षणी सगळं विसरतं आणि पडद्यावर लाल अक्षरांत 'छेडछाड' असं दाखवत बसतं. लाजाळूचं झाडच ते. लाजाळू थोड्या वेळाने उघडतं तरी, हे मात्र हट्टाने मिटूनच राहतं.

चोरांनी तार पोचत नाही अशी एक फट शोधून काढली, म्हणून आता तिजोरीच्या स्क्रूंवरच पहारा हवा. त्यासाठी कंपनीने चकचकीत स्टिकर मागवले. काढायला गेलं की ते फाटतात आणि 'उघडले' अशी अक्षरं उमटतात. कोणाच्या बापाला फसवता येणार नाही, असं विकणारा म्हणाला होता.

एक स्टिकर घरी आणून डब्याला चिकटवला आणि बायकोला म्हटलं, काढून दाखव. ती फोनवर बोलत होती. बोलता बोलताच तिने केस वाळवायचं यंत्र त्याच्यावर धरलं, नखाने स्टिकर सोलला, मला दाखवला आणि परत चिकटवून ठेवला. फोन संपल्यावर म्हणाली, "हा घट्ट? आमच्या खोट्या पापण्या याच्यापेक्षा घट्ट असतात."

कोणाच्या बापाला नाही हे खरंच, बायकोचं कोणी बोललं नव्हतं.

१० सप्टेंबर, मंगळवार

उपाय सापडला आणि तोही बायकोच्याच कपाटात. चमकी असलेलं जांभळं नेलपॉलिश. स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब सोडायचा. वाळताना चमकीचे कण पडतील तसे पडतात, आणि तसेच्या तसे पुन्हा पाडणं कोणालाही, अगदी मलाही, शक्य नाही. स्क्रू फिरवला की थेंब मोडतो. नवा थेंब लावला की कण वेगळे पडतात. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले की चोरी उघडी.

बाटली नेताना बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या नखांचा रंग कधी दिसला नाही, आता स्क्रूंचे फोटो काढणार." मी म्हटलं, नखं कोणी चोरत नाही. यावर ती काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं असावं.

ऑफिसात व्हायची ती थट्टा झाली. मोठे साहेब म्हणाले, "शाखा काढलीत का पार्लरची?" मखमल तेवढे चांगलं बोलले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, काय नाजूक हात आहे तुमचा!" भला माणूस.

फोटोंचं मात्र मी कोणालाच सांगितलं नाही. नेलपॉलिश लावणारा अधिकारी एवढी कीर्ती पुरे, स्क्रूंची छायाचित्रं काढणारा कशाला? दुरुस्त झालेली मशीनं संध्याकाळी जाळीच्या खोलीत कुलूपबंद होतात. तिला आम्ही पिंजरा म्हणतो. किल्ल्या दोनच, एक मखमलकडे, एक माझ्याकडे. सगळे गेले की फोटो काढायचे, सकाळी कोणी यायच्या आत पुन्हा काढायचे, असं ठरवलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

कक्षाची पहिली तक्रार आली! सात नंबरच्या बेंचवर एक नवी मुलगी बसते. हातात कायम चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटाच म्हणतात. हात चांगला आहे तिचा. ती दारात उभी राहिली, आत यायला तयार नाही.

"सर, इथे छेडछाडीची तक्रार घेतात?"

"त्यासाठीच तर बसलोय. कुठल्या मशीनला?"

तिने मागे वळून बघितलं. मग म्हणाली, "सात नंबरला होते."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून. रोज नाही. बाकीचे चहाला गेले की."

"कोण करतं, बघितलंस?"

"ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच."

"अगं, तक्रार माझ्याकडे करायची. मी कशाला करू? कोड्यात बोलू नकोस. काही खुणा राहिल्यात? ओरखडा, सैल झालेला स्क्रू?"

"खुणा राहतील असं काही करत नाहीत ते."

"म्हणजे माणूस जाणकार आहे."

"हो सर. बऱ्याच वर्षांचा."

मी भिंग घेतलं आणि तडक सात नंबरवर गेलो. एकेक मशीन उलटंपालटं करून पाहिलं. एकही थेंब मोडलेला नव्हता. तिला म्हटलं, "बघ, सगळं जागच्या जागी आहे. उगाच घाबरू नकोस." ती मशीनांकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणून बसली.

'छेडछाड आढळली नाही' असा शेरा मारला. नियमाप्रमाणे विभागप्रमुखांना कळवायचं असतं, म्हणून मखमलना जाऊन सांगितलं, की सात नंबरवरून अशी अशी तक्रार आली होती, पण काही निघालं नाही. त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "बरं केलंत भाऊ, सांगितलंत. लेकीसारखी आहे. मी बोलतो तिच्याशी."

पहिलं प्रकरण एका दिवसात निकाली. स्वतःवर खूश आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज कक्षाचा वेगळाच उपयोग झाला. प्रथमोपचाराची पेटी अजून याच खोलीत आहे. मखमल मनगट धरून आले. मनगटाच्या वर चिमट्याची दोन टोकं चांगली रुतली होती, रक्त आलेलं. सात नंबरला वाकून काही दाखवत होते म्हणे, आणि मुलीचा चिमटा लागला. मी औषध लावून पट्टी बांधली. एरवी मऊ बोलणारा माणूस, पण आज म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली."

मी तिला समज दिली. म्हटलं, "हत्यार सांभाळून वापरावं."

"सांभाळूनच वापरलं सर," ती म्हणाली.

आजकालच्या मुलांना चूक कबूल करायला नको. जाताना तिने रजेचा अर्ज पुढे केला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, बुधवार-गुरुवार रजा हवी. म्हटलं, हा मखमलकडे दे. तर म्हणाली, "त्यांच्या खोलीत नाही जायचं मला. तुम्हीच सही करा." मी केली. नंतर ताईंना हा किस्सा सांगितला, की मुलगी भलतीच भिडस्त आहे, साहेबांच्या खोलीत जायलाही लाजते. ताई म्हणाल्या, "भिडस्त मुली चिमटे मारत नाहीत." त्यांचं बोलणं हे असं तिरकं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

घात झाला. मुलगी आज रजेवरून परतली. ती चपला काढून बेंचवर बसते न बसते तोच मखमल पिंजऱ्यातून एक मशीन घेऊन आले. सात नंबरची चिठ्ठी लावलेलं. पडद्यावर लाल अक्षरांत 'छेडछाड'. उघडून पाहिलं तर आत चोरांचीच ती नखाएवढी चिप! परत आलेल्या मशीनांतून काढलेल्या चिपा आम्ही दुरुस्ती विभागाच्या कपाटात ठेवल्या होत्या. त्यातली एक कमी निघाली.

मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळे जमलो. मखमलच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोलिसांत नका देऊ हो तिला," म्हणाले. "पोर आहे. पण बँकेला उत्तर तर द्यावं लागेल ना?"

मुलगी एवढंच म्हणाली, "मी उघडलेलं नाही."

साहेबांनी तिला घरी बसायला सांगितलं. मी सोमवारी अहवाल द्यायचा. बँकेची माणसं मंगळवारी येणार, त्यांच्या हातात तो पडला की विषय संपला. तिचं नाव एकदा या कारणाने लागलं, की कुठल्याच दुरुस्तीच्या दुकानात तिला स्क्रू फिरवायला मिळणार नाही. वाईट वाटलं, पण मी काय करणार? मशीन स्वतः ओरडून सांगतंय.

दारापाशी ती थांबली. "सर, मशीनने सांगितलं की तुम्ही लगेच ऐकता," असं म्हणाली आणि गेली. उद्धटपणा तो उद्धटपणाच. शिवाय तिनेच आठवड्यापूर्वी सात नंबरवर छेडछाड होते म्हणून आरडाओरडा केला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

२१ सप्टेंबर, शनिवार

काय लिहू, कुठून लिहू, कळत नाही. क्रमाने लिहितो.

सकाळी घरी अहवाल लिहून काढला. चांगला ठसठशीत झाला होता. बँकेने वाहवा करावी म्हणून वाटलं, सोबत फोटो जोडू. खरं सांगायचं तर फोटो मी रोज इमानदारीने काढत होतो, पण शेजारी ठेवून बघितले एकदाही नव्हते. पहारेकरी रोज हजर, फक्त डोळे मिटून.

त्या मशीनचे फोटो शोधले. बुधवारी संध्याकाळी उजव्या स्क्रूवर चमकीचा एक मोठा कण अगदी काठाला, त्याच्या बाजूला तीन बारीक. गुरुवारी सकाळी मोठा कण गायब. थेंब जाड, घाईने थापलेला, कडेला ओघळलेला. रंग तोच जांभळा. म्हणजे बुधवारी मी कुलूप लावून गेल्यावर कोणीतरी पिंजरा उघडला, मशीन उचकटलं आणि वर नवं नेलपॉलिश लावून ठेवलं. मुलगी बुधवार-गुरुवार आईपाशी दवाखान्यात होती. रजेवर सही माझी. पिंजऱ्याच्या किल्ल्या दोन. आणि ते मी केलेलं नाही, याची मला बऱ्यापैकी खात्री आहे.

बायको पार्लरचे टॉवेल घडी घालत होती. मी ओरडतच गेलो. "मखमल! मखमलनेच उघडलं! पण का? एवढा सज्जन माणूस, त्या पोरीवर का उलटला?"

ती घड्या घालत राहिली. "त्याच्या हाताला चिमटा कुठे लागला म्हणालात?"

"मनगटाच्या वर."

"ती बेंचवर काम करत होती ना? मग चिमटा बेंचवर असणार. त्याचं मनगट तिथे काय करत होतं?"

"वाकून दाखवत होते काहीतरी."

"तुमच्याकडे तक्रार घेऊन आली होती, ती कधी?"

"त्याच्या आधीच्या शुक्रवारी."

"काय बोलली? तिचे शब्द सांगा, तुमचे नको."

मी डायरी आणून तेरा तारखेचं वाचून दाखवलं. बाकीचे चहाला गेले की. ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच. खुणा राहतील असं काही करत नाहीत. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"भिंग घेऊन बघितलं."

"कशाकडे?"

"मशीनकडे."

तिने टॉवेल परत उचलून घडी घालायला घेतला. बोलली असती तर बरं झालं असतं. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. त्या पोरीने दारात उभं राहून जेवढं सांगता येतं तेवढं सगळं सांगितलं, आणि मी वर जाऊन त्यालाच कळवून आलो.

२२ सप्टेंबर, रविवार

बायकोला म्हटलं, "मला कसं कळलं नाही?"

ती म्हणाली, "माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येते. केस कापायला बसते आणि आरशात बघून मला असंच सांगते, निम्मं. निम्मं आपण ऐकायचं असतं."

पहिला अहवाल फाडला. दुसरा लिहिला.

२३ सप्टेंबर, सोमवार

मुलीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. मोठे साहेब, मखमल, ती, मी, आणि टिपणं घ्यायला ताई. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले. मखमलनी ते हातात घेऊन मान हलवली.

"भाऊ, चमकी ती, उजेडात कशीही दिसते."

मी खिशातून बायकोची बाटली काढली आणि एक स्क्रू पुढे ठेवला. "हरकत नाही. या पहिल्या फोटोतल्यासारखा थेंब पाडून दाखवा. हवे तेवढे प्रयत्न करा, बाटली भरलेली आहे."

त्यांनी बाटलीला हात लावला नाही. बुधवारी पिंजऱ्यात कशाला गेला होतात, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांना आठवेना. मी बांधलेल्या पट्टीचं मनगट त्यांनी बाहीत ओढून घेतलं. मऊ आवाज एकदम कोरडा झाला होता. म्हणाले, "या पोरीसाठी तुम्ही माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीवर उठलात?"

साहेबांना मनातून सुटल्यासारखं झालं असावं. म्हणाले, "ठीक. यंत्राशी छेडछाड, कारण तेवढं पुरे. यांनी राजीनामा द्यावा, मुलगी कामावर यावी, उद्या बँकेला दाखवायला आपली पद्धत किती कडक आहे तेही झालं. सगळ्यांचं भलं."

"अहवालात दुसरा भागही आहे साहेब," मी म्हटलं. "त्यांनी हे का केलं तो."

साहेबांनी तो वाचला होता. म्हणाले, "ते नको. मुलीचंच नाव खराब होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हा ती बोलली.  "म्हणजे मशीनला हात लावला म्हणून ते जाणार. मला लावला म्हणून नाही. मग उद्या दुसरीकडे नोकरी धरतील, तिथे मशीनांना हात नाही लावणार. बाकी सगळं तसंच. साहेब, माझं नाव खराब झालं ते शुक्रवारी, सगळ्यांसमोर. तेव्हा कोणाला मूठ झाकावीशी वाटली नाही."

 साहेब माझ्याकडे वळले. "हे बघा, तुमचा विषय यंत्रं. माणसांची समिती वेगळी आहे."

"आहे. तिचे अध्यक्ष हे समोर बसलेत," मी म्हटलं. कुंपणानेच शेत खायचं, आणि आपण कुंपण किती शांत आहे म्हणून कौतुक करायचं. मीही केलं होतंच, पाच तारखेला.

"तरीही. तुमचा कक्ष यंत्रांचा."

"पाटीवर 'यंत्र' नाहीये, साहेब."

असं काही मी बोलेन, हे मला बोलून झाल्यावर कळलं. साहेब लाल झाले. म्हणाले, तुम्हाला परत खिडकीजवळच्या जुन्या जागी बसायचंय की नाही? मी म्हटलं, फिनेलची सवय झालीय. दोन्ही भाग असतील तर सही करतो, नाहीतर उद्या बँकेच्या माणसांना माझ्या सहीशिवायचा कागद दाखवा. 

ताई कधी नव्हे ते मध्ये बोलल्या. "साहेब, मी दोन्ही भाग टिपणात शाईने लिहून टाकलेत. खोडायचे तर खोडते. पण खोडल्याचं दिसेल."

सही झाली. साहेबांचीही.

बाहेर आल्यावर मुलीपाशी गेलो. म्हटलं, "त्या दिवशी तू सांगितलंस आणि मला ऐकू आलं नाही. वर मी जाऊन त्यांना सांगितलं. पुढचं सगळं त्यामुळे झालं. चुकलो मी." ती म्हणाली, "हो सर, चुकलात." आणि बेंचवर जाऊन चिमटा उचलला. अगदी योग्य उत्तर होतं, तरी लागलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

बँकेची माणसं आली. नेलपॉलिश पाहून आधी हसली, मग फोटो पाहिले आणि बाटलीवरचा रंगाचा नंबर लिहून घेतला. अहवालाचा पहिला भाग त्यांनी दोनदा वाचला. दुसरा भाग आला तेव्हा त्यांतला मोठा माणूस म्हणाला, "हे आमच्या कक्षेत येत नाही," आणि पान उलटलं. आम्ही उत्तीर्ण झालो. साहेबांनी बँकेच्या माणसांना सांगितलं, की ही पद्धत म्हणजे त्यांची स्वतःची कल्पना.

बायकोला नवी बाटली आणली. तिने विचारलं, कुठला रंग? मी तिची नखं बघून सांगितलं. ती म्हणाली, "सुधारणा आहे."

३० सप्टेंबर, सोमवार

मखमल गेले. निरोप समारंभ नाही, हे कंपनीच्या मानाने बरंच झालं. समितीच्या अध्यक्ष आता ताई. समितीला खोली नाही, कारण सगळ्या खोल्यांत महत्त्वाची माणसं बसतात. म्हणून ताईंची खुर्ची माझ्या खोलीत आली. झाडू तेवढे बाहेर गेले. त्यांना पिंजऱ्याशेजारी ऐसपैस जागा मिळाली आहे.

दुपारी पाटीवाला आला. पत्र्याची एक छोटी पट्टी घेऊन, तिच्यावर बारीक अक्षरांत 'यंत्र'. "साहेब, तेव्हापासून मनाला लागून राहिलं होतं. फुकट लावून देतो. वरच्या बाजूला बसेल."

मी ताईंकडे बघितलं. त्या काहीतरी लिहीत होत्या, मान वर केली नाही.

"मावत नाही," मी पाटीवाल्याला म्हटलं.

"मावतंय की! मोजून आणलंय."

"नाही मावत," ताई म्हणाल्या. तो पट्टी घेऊन गेला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी लवकर गेलो. पिंजऱ्यातले फोटो काढले आणि या वेळी कालच्यांच्या शेजारी ठेवून बघितलेही. सगळे कण जागच्या जागी होते.

खोलीपाशी आलो तर दारात तिघी उभ्या. एक हिशेब खात्यातली, एक पॅकिंगमधली. तिसरीला मी ओळखत नव्हतो. ती म्हणे सहा वर्षांपूर्वी सात नंबरला बसायची आणि नोकरी सोडून गेली होती.  ताई अजून यायच्या होत्या. मी दार उघडलं, भिंग उचलून खणात टाकलं, आपली खुर्ची बाहेरच्या बाजूला सरकवली आणि आणखी दोन आणल्या.

"बसा," म्हटलं. "ताई येतीलच."

कुठल्या मशीनला, असं विचारलं नाही.